निशाण उतरलं, घंटा राहिली

आमच्या नागपूरच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. आबाजींची, म्हणजे माझ्या आजोबांची. तिच्यात मोडीतले कागद होते. सुतळीनं बांधलेले, कडा कसरीनं खाल्लेल्या. आबाजी गेले तेव्हा मी सहावीत होते. घरात मोडी वाचणारं ते शेवटचं माणूस. त्यांच्यामागं दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईला पेटी खाली यायची, पुसली जायची आणि परत वर जायची. आत काय लिहिलंय ते कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नव्हतं म्हणूनच ती टाकून द्यायला कुणाचा हातही धजावला नाही.

नोकरीला लागल्यावर मी मोडी शिकले. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग असायचा. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घ्यायची, मग त्या रेघेला अक्षरं टांगत जायची, आणि शक्यतो लेखणी उचलायची नाही. एका अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षराचं तोंड होतं. हाताला हे वळण लागायलाच सहा महिने गेले. तिथल्या गुरुजींनी एकदा एका जुन्या कोशाच्या पानाची झेरॉक्स दाखवली. मोडीच, पण हातानं लिहिलेली नव्हे, शिशाच्या खिळ्यांनी छापलेली. लेखणी न उचलता धावणाऱ्या लिपीचं एकेक अक्षर तोडून त्याचा सुटा खिळा करायचा आणि ते खिळे पुन्हा शेजारी शेजारी बसवायचे! जिथं जोड नीट जमला नव्हता तिथं रेघेत केसाएवढी फट दिसत होती. मी त्या फटींकडेच बघत राहिले.

तो कोश इंग्रज मिशनरी विल्यम केरींचा, १८१० सालचा. पुण्यात नाही, मुंबईत नाही, तो छापला गेला बंगालात, हुगळीच्या काठी, श्रीरामपुरात. आणि केरींच्या हाताशी मराठी जाणणारे जे मुख्य पंडित होते ते आमच्या नागपूरचे. वैजनाथ शर्मा. हे ऐकलं त्या दिवशीच मनात ठरलं की तिकडे एकदा जायचं.

जायला २०१२चा डिसेंबर उजाडला. कलकत्त्यात नात्यातलं लग्न होतं, एक दिवस हातात राखून ठेवला होता. हावड्याहून बांदेल लोकल धरली. लिलुआ, बेलूर, बाली, उत्तरपाडा, हिंदमोटर, कोन्नगर, रिसडा आणि श्रीरामपूर. आपल्याकडे श्रीरामपूर म्हटलं की नगर जिल्ह्यातलं साखर कारखान्याचं गाव आठवतं. हे त्याहून कितीतरी जुनं. उतरल्यावर आधी नदीकाठचं कॉलेज बघितलं, मग केरींची समाधी. लोकल पकडायला परत निघाले तेव्हा कोर्टाच्या बाजूनं जाताना एक मनोरा दिसला. चौकोनी, मजल्यामजल्यानं वर निमुळता होत गेलेला. खाली जोडखांबांची देवडी. फाटकाला कुलूप. कंगोऱ्यांच्या खाचांतून पिंपळाची रोपं उगवलेली, गिलाव्याचे पापुद्रे सुटलेले, आतल्या विटा उघड्या पडलेल्या.

कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं, कधी उघडतं? तो म्हणाला, ‘छात भेंगे पोडबे.’ छत कोसळेल, म्हणून बंद.

फाटकाच्या गजांना धरून मी वर पाहिलं. खांबांच्या वरच्या त्रिकोणी भागात एक चिन्ह होतं. मुकुट, त्याखाली इंग्रजी सी हे अक्षर, आणि त्या अक्षराच्या पोटात ७चा आकडा. मला वाटलं होतं हे इंग्रजांचं चर्च असणार. पण इंग्लंडच्या गादीवर असा कुणी सातवा सी बसल्याचं आठवेना. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, हा डेन्मार्क-नॉर्वेचा राजा सातवा ख्रिश्चन. हे लुथरपंथीयांचं चर्च. सेंट ओलाव्ह. आणि मी ज्या गावात दिवसभर हिंडले ते गाव नव्वद वर्षं डेन्मार्कचं होतं.

मोडीसाठी गेले होते, आणि घेऊन आले ते बंद चर्च. तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही.

*

इथं सुरुवातीला शहर नव्हतं. हुगळीच्या उजव्या तीरावर श्रीपूर, आकना, गोपीनाथपूर, मोहनपूर, पेआरापूर अशी गावं होती. शेजारी माहेश. तिथली जगन्नाथाची रथयात्रा चौदाव्या शतकापासून चालत आल्याचं सांगतात, आणि आजही आषाढात तिथं पाय ठेवायला जागा नसते. १७५५ साली डॅनिश कंपनीनं मुर्शिदाबादच्या नबाबाकडून परवाना मिळवला. जमीन मिळाली साठ बिघे; श्रीपुरात तीन, ती जहाजं लागायला, आणि आकन्यात सत्तावन्न. राजा पाचवा फ्रेडरिक याच्या नावावरून वसाहतीचं नाव ठेवलं फ्रेडरिक्सनगर. लोकांच्या तोंडी श्रीरामपूरच राहिलं.

परवाना देणारा नबाब अलिवर्दीखान. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळानं १७४१पासून दहा वर्षं ज्याला स्वस्थ बसू दिलं नाही, तोच हा. १७५१ साली ओरिसा सोडून आणि वर्षाला १२ लाखांची चौथाई कबूल करून त्यानं एकदाचा तह केला. बंगालात आजही लेकरांना झोपवताना बर्गी येतील म्हणून भीती घालतात. बर्गी म्हणजे आम्ही. शाळेत आम्हाला अटकेपार झेंडे आणि कटकपर्यंत स्वाऱ्या एवढंच शिकवलं. स्वारी ज्यांच्या दारावरून गेली त्यांच्या घरात काय झालं, हे मी बंगाली मैत्रिणीच्या आईकडून ऐकलं, आणि त्यानंतर ते धडे मला पहिल्यासारखे वाचता आले नाहीत. अशा लुटलेल्या, थकलेल्या मुलखात एका नजराणा देणाऱ्या, सैन्य न बाळगणाऱ्या दर्यावर्दी देशाला साठ बिघे मिळाले. फ्रेडरिक्सनगरच्या मुळाशी नागपूरची थोडी धूळ आहे, असं मला वाटतं ते यामुळे.

डॅनिश माणसं तिथं नेहमीच मोजकी होती. पण गाव भरभराटलं, कारण डेन्मार्क कुणाच्याच युद्धात नव्हता. इंग्रज, फ्रेंच, डच एकमेकांची जहाजं धरत असताना डॅनिश निशाणाखालचा माल सुखरूप युरोपात पोचायचा. इंग्रज कंपनीच्या कित्येक अधिकाऱ्यांनी खासगीत कमावलेला पैसा याच वाटेनं मायदेशी नेला. जिथं ते निशाण फडकायचं त्या घाटाला अजून निशाणघाट म्हणतात.

एवढं सगळं होऊनही पन्नास वर्षं इथं चर्च नव्हतं. यात मला नवल वाटलं, कारण डेन्मार्क १५३६पासून लुथरपंथी आणि तिथला राजा हाच तिथल्या चर्चचा धनी. दक्षिणेत तरंगमबाडीला, जिथं डॅनिश लोक १६२०पासून होते, तिथलं चित्र अगदी वेगळं. १७०६ साली त्सीगेनबाल्ग नावाचा तरुण जर्मन तिथं उतरला, तमिळ शिकला, छापखाना घातला, तमिळमध्ये नवा करार छापला. १७१८मध्ये उभं राहिलेलं त्याचं चर्च आजही तमिळ लुथरन मंडळींनी भरतं. श्रीरामपुरात तसं झालं नाही. इथं व्यापार होता, मंडळी नव्हती.

तरंगमबाडीचाच एक धागा मला फार उशिरा सापडला आणि सापडला तेव्हा मी रात्री उठून बसले. तिथं १७५०मध्ये श्वार्त्स नावाचा लुथरन मिशनरी आला. पुढे तो तंजावरला गेला, आणि तिथल्या मराठी गादीचा वारस, पोरका सरफोजी, त्याच्या पालकत्वाखाली वाढला. सरफोजी राजांनी मोठेपणी तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ साली ‘बाळबोध मुक्तावळी’ छापली, इसापाच्या गोष्टींचं मराठी. आणि याच श्वार्त्सची प्रवचनं तरंगमबाडीत असताना ऐकून घडलेला दुसरा माणूस म्हणजे ओले बी, श्रीरामपूरचा डॅनिश गव्हर्नर. केरी आणि त्यांच्या सोबत्यांना इंग्रज कंपनी आपल्या हद्दीत राहू देईना, तेव्हा १८००च्या जानेवारीत यानं त्यांना आसरा दिला. त्यांना आमच्या हवाली करा असा कलकत्त्याहून तगादा होता. यानं ऐकलं नाही. त्या आसऱ्यात केरींचं मराठी व्याकरण छापलं गेलं, १८०५मध्ये. एकीकडे तंजावर, एकीकडे श्रीरामपूर. मराठी छपाईची ही दोन पहिली घरं महाराष्ट्राबाहेर उभी राहिली आणि दोन्हींच्या मागं एकच लुथरन म्हातारा उभा आहे. श्वार्त्स १७९८ला वारला. यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

*

चर्च बांधायचं मनावर घेतलं ते याच ओले बीनं. १८००च्या सुमारास वर्गणी सुरू झाली. श्रीरामपुरात, डेन्मार्कात आणि कलकत्त्याच्या इंग्रजांतही. गव्हर्नर जनरल वेलस्लीनंही पैसे दिले. समोरच्या काठावर, बराकपूरला, तो आपला बंगला आणि बाग उठवत होता. बागेला सगळं आहे, फक्त दूरवर एखादा चर्चचा मनोरा दिसायला हवा, असं तो म्हणाल्याचं सांगतात. नदीपलीकडे दुसऱ्या देशाचं, दुसऱ्या पंथाचं देऊळ उभं राहतंय. याला त्यात आपल्या बागेचा देखावा दिसतो. तरी त्याचे पैसे लागलेच त्या विटांना. देवाच्या कामाला कोण कशासाठी देतो हे आपण आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर कोरलेल्या नावांतही कधी विचारत नाही.

इमारतीचा घाट त्या काळच्या इंग्रजी चर्चचा, लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सच्या घराण्यातला. पण अंगानं ती बंगाली आहे. त्या गाळाच्या मुलखात दगड नाही, म्हणून दगडाचे वाटणारे ते जोडखांब खरं म्हणजे विटांचे आहेत, गोल रचून वर चुन्याचा गिलावा घोटून गुळगुळीत केलेले. आणि छत उतरतं नाही, सपाट. डेन्मार्कात बर्फ घसरून पडावं म्हणून उभ्या उतरणीची कौलं घालतात. इथल्या मिस्त्रीनं आपल्याला येत होतं तेच केलं. आमच्या विदर्भात याला धाब्याचं घर म्हणतील. म्हणजे समोरून लंडन, डोक्यावर धाबं, कपाळावर डेन्मार्कचा राजा.

त्या राजाविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याचं ते चिन्ह मी फार वेळ बघितलंय. सातवा ख्रिश्चन तरुणपणापासूनच मनानं आजारी होता. गादीवर तो १७६६ ते १८०८ होता, पण १७८४पासून कारभार मुलगाच बघत होता. श्रीरामपुरात त्याचा मुकुट विटाचुन्यात घडवला जात होता तेव्हा तिकडे कोपनहेगनला तो नावापुरता उरला होता. इथल्या गवंड्याला हे कुठून कळणार? त्यानं अक्षराचा बाक आणि ७ची मान इतक्या जिव्हाळ्यानं काढली आहे की जणू घरच्या देव्हाऱ्याचं काम. त्याला ती अक्षरं वाचता येत नव्हती, असंच मी धरून चालते. न वाचता येणारं अक्षर इतकं नेटकं काढणारा हात मला ओळखीचा वाटतो. नुकतीच मोडी शिकताना मीही तशीच काढायची, अर्थ नंतर यायचा.

मनोऱ्यातली घंटा डेन्मार्कहून आली. तिच्यावर फ्रेडरिक्सवेर्क हे नाव आणि १८०४ हे साल ओतलेलं आहे. फ्रेडरिक्सवेर्क हे कोपनहेगनच्या उत्तरेचं गाव, तोफा ओतण्यासाठी नावाजलेलं. ज्या भट्टीनं तोफा दिल्या तिनंच ही घंटा दिली.

ओले बीनं ती वाजताना ऐकली नाही. तो १८०५च्या मे महिन्यात वारला, आणि चर्च पुरं झालं १८०६ला. त्यातही वेळ अशी आली की वाईट वाटतं. १८०७मध्ये इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या, डेन्मार्कचं तटस्थपण संपलं, आणि बातमी इकडे पोचताच १८०८मध्ये त्यांनी श्रीरामपूर ताब्यात घेतलं ते १८१५पर्यंत सोडलं नाही. गाव परत मिळालं, व्यापार मिळाला नाही. ज्या भरभराटीच्या जोरावर चर्च उठलं ती भरभराट चर्च पुरं होताच गेली. रिकाम्या होत चाललेल्या गावात मनोरा मात्र नवाकोरा होता.

*

मग त्यात प्रार्थना कोण चालवायचं? गावाला स्वतःचा पाद्री पोसणं जमत नव्हतं. ते काम वर्षानुवर्षं केलं केरी आणि त्यांचे सोबती मार्शमन व वॉर्ड या तिघांनी.

हे मला सगळ्यात मोठं वाटतं, आणि ते का, हे समजायला पंथांतला फरक थोडा कळावा लागतो. लुथरपंथात तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात. केरी मंडळी बॅप्टिस्ट. त्यांच्या मते तान्ह्याचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे; माणसानं जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडानं कबुली देऊन, पाण्यात पूर्ण बुडी मारून तो घ्यायचा. युरोपात या एका मुद्द्यावर माणसं जिवाला मुकली आहेत, आणि बॅप्टिस्टांच्या पूर्वसुरींना छळणाऱ्यांत लुथरपंथीही होते. इथं हुगळीच्या काठावर बॅप्टिस्टांनीच लुथरपंथीयांचं चर्च चालवलं. १८०० साली डिसेंबरात कृष्ण पाल या सुतारानं नदीत उतरून बाप्तिस्मा घेतला तेव्हा लुथरपंथी ओले बी काठावर उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं वॉर्डनी लिहून ठेवलंय. वाद मिटला नव्हता. पण चर्च ओस पडू द्यायचं नाही, एवढं दोघांनाही कळत होतं.

केरींचा आठवडा मी अनेकदा डोळ्यांसमोर आणते. मंगळवारी होडीनं कलकत्त्याला, फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवायला, शुक्रवारी परत. तिथं त्यांच्यासोबत वैजनाथ पंडित. १८०५च्या व्याकरणात मराठी देवनागरीत आहे. १८१०च्या कोशात मोडी आली, कारण कंपनीच्या ज्या पोरांना पेशव्यांच्या आणि भोसल्यांच्या मुलखात कारभार करायचा होता त्यांना कागदोपत्री मोडीच भेटणार होती. १८१२च्या मार्चमध्ये छापखाना जळाला; खिळे वितळले, हस्तलिखितं गेली. पुन्हा उभा केला. १८१४ला ‘सिंहासनबत्तिशी’ मोडीत छापली, आणि पाठोपाठ रघुजी भोसल्यांची वंशावळ. बंगालात, बर्गींच्या धन्याची वंशावळ! ही मराठी नागपुरी वळणाची होती. पुढे मुंबई-पुण्याकडच्या लोकांनी ती आपल्याला कळत नाही म्हणून बाजूला सारली, आणि आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांतही तिची बोळवण दोन ओळींत होते. मला ते पटत नाही. वैजनाथ पंडितांनी आपल्या घरची बोली परमुलखात नेली, तिला शिशात ओतायला मदत केली. त्यांच्या नावाची एक पाटीही आमच्या शहरात माझ्या पाहण्यात नाही.

रविवारी ती घंटा वाजत असेल तेव्हा ते कुठं असतील? चर्चमध्ये नक्कीच नाही. घाटावर स्नानाला असतील, किंवा कलकत्त्यालाच. पण आठवडाभर त्यांच्यासोबत मराठी शब्दांची यादी करणारे केरी रविवारी डेन्मार्कच्या राजाच्या मुकुटाखालून आत जात होते, हे खरं आहे.

*

१८४५मध्ये डेन्मार्कनं तरंगमबाडी आणि श्रीरामपूर इंग्रज कंपनीला साडेबारा लाख रुपयांना विकून टाकलं. निशाणघाटावरचं निशाण उतरलं. चर्च कलकत्त्याच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, बिशपच्या कारभारात गेलं आणि लुथरपंथाशी त्याचा संबंध तिथंच संपला, जेमतेम एकोणचाळीस वर्षांत. कपाळावरचा मुकुट कुणी खरवडला नाही, घंटा कुणी उतरवली नाही.

एकोणचाळीस वर्षं लुथरन, नंतर सव्वाशे वर्षं अँग्लिकन. मग १९७०च्या २९ नोव्हेंबरला उत्तर भारतातल्या सहा चर्चसंघटना एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते आणि केरींचे बॅप्टिस्टही होते. तान्ह्याचा बाप्तिस्मा आणि जाणत्याचा बाप्तिस्मा, दोन्ही त्यांनी मान्य करून टाकले. हे कुठं झालं असेल? नागपुरात. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. त्या कॅथेड्रलवरून मी शाळेपासून सायकलनं जात आलेय. श्रीरामपूरच्या बंद फाटकापर्यंत जाऊन यावं लागलं तेव्हा कुठं मला कळलं की त्या फाटकाची आजची मालकी माझ्या रोजच्या रस्त्यावर ठरली होती.

श्रीरामपुरात अशा हात बदललेल्या वास्तू आणखीही आहेत. नदीकाठी राधावल्लभाचं एक जुनं देऊळ आहे. नदी जवळ सरकली म्हणून देव दुसरीकडे हलवले आणि देऊळ मोकळं झालं. १८०६मध्ये त्यात हेन्री मार्टिन हा इंग्रज पाद्री राहिला, प्रार्थना करू लागला, म्हणून ते हेन्री मार्टिनचा पॅगोडा झालं. पुढं तिथं काही काळ दारूची भट्टीही होती. देव निघून गेल्यावर वास्तूचं काय काय होतं! सेंट ओलाव्हच्या नशिबी तेवढं आलं नाही. पण छताच्या तुळया कुजल्या, पाणी मुरलं, आणि अखेर लोकांनी आत बसायचं धाडस सोडलं. मी फाटक धरून उभी होते ते त्या दिवसांत.

*

२०१७च्या जानेवारीत पुन्हा गेले. खरं सांगायचं तर भीत भीत गेले. मधल्या काळात वाचलं होतं की दुरुस्ती झाली. डेन्मार्कचं राष्ट्रीय संग्रहालय, कलकत्त्याचा धर्मप्रांत आणि इथले जतनतज्ज्ञ यांनी २०१३पासून काम काढलं, २०१६च्या एप्रिलमध्ये चर्च उघडलं, आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. पण जीर्णोद्धार या शब्दाची मला धास्ती आहे. आमच्याकडे कितीतरी भोसलेकालीन देवळांचं काळं कोरीव काम ऑइलपेंटखाली गेलंय, गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा बसल्यात.

इथं तसं नव्हतं. छत नवं होतं, पण जुन्या पातळीला, सपाटच. भिंतींना सिमेंट लावलेलं नव्हतं. जुन्या विटेला सिमेंटचा लेप दिला की आतली ओल आतच कोंडते आणि वीट भुसभुशीत होते. चुना आणि सुरखी, म्हणजे विटेचा चुरा, यांचा गिलावा ओल आतबाहेर करू देतो. त्या भिंतीला मी तळवा लावून पाहिला. जानेवारीच्या दुपारी ती थंड होती, किंचित खरखरीत, आणि हाताला पांढरी भुकटी लागली. आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीला टेकून बसलं की फ्रॉकला लागायची तीच. कितीतरी वेळ मी तो हात झटकला नाही.

आत दोनचार कामकरी बाकं पुसत होते. उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे. देखभाल करणारे काका म्हणाले, रविवारी या, प्रार्थना असते. मंडळी किती येतात विचारलं तर हसून म्हणाले, ‘अल्पो.’ थोडी. मग मला हाताला धरून देवडीत नेलं, वर त्या मुकुटाकडे बोट केलं आणि विचारलं, माहीत आहे कोण? मी राजाचं नाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला की बस्स. त्यांनी चहा मागवला. ते हिंदू होते, त्यांचे वडील गिरणीत होते, आणि डेन्मार्क त्यांनी नकाशातच पाहिला होता. बोलताना प्रत्येक वेळी म्हणत होते, ‘आमादेर गिर्जा.’ आमचं चर्च.

डॅनिश लोक पैसे आणि ज्ञान घेऊन आले, काम करून परत गेले; मालकी सांगितली नाही. साडेबारा लाखांना विकलेल्या गावाकडे पावणेदोनशे वर्षांनी कुणी असं परत येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि त्याहून मोलाचा वाटतो तो मधला काळ. बॅप्टिस्टांनी सांभाळलं, अँग्लिकनांनी सांभाळलं, चहावाल्यानं कुलपावर लक्ष ठेवलं.

त्याच वर्षी दिवाळीत पेटी माळ्यावरून खाली आली तेव्हा मी ती परत वर जाऊ दिली नाही. गच्चीत चादर पसरून कागद उन्हात घातले. पुष्कळसे वाचता येईनात. शाई उडालेली, घडीवर फाटलेले. एक कागद मात्र धड होता, पणजोबांच्या हातचा असावा. वाटलं होतं जमिनीचा वाद असेल, नाहीतर कर्जखत. वरची रेघ सरळ, न तुटता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोट ठेवत ठेवत, अडखळत वाचत गेले. वाड्याच्या पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीचा हिशेब होता तो. धाब्याला चुना. विटकरीचा चुरा. चुन्यात घालायला गूळ. गवंडी दोन, रोज सहा. शेवटच्या ओळीतला एक शब्द काही केल्या लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघितला तेव्हा लागला: ‘पाट्या वाहणारी बाई एक, मजुरी देणे आहे.’